नारळाचा जबाब

या, असं जवळ या. तिकडं उंबऱ्याला चिकटून काय बसलाय? पोलीस बाईचं घर म्हणून का? अहो, निवृत्त झाले मी, आता कुणाला धरत नाही. तुम्ही लोक पण लबाड. वर्षभर इकडं फिरकत नाही, आणि आला की एकच धोशा, "मावशी, एखाद्या खुनाचं सांगा, दरोड्याचं सांगा." मी काय सिनेमातली पोलीस होते का? दहावी झालेली बाई. भरतीत धावले, शिपाई म्हणून लागले, हवालदार झाले, सहायक फौजदार म्हणून घरी आले. चार ओळी नीट लिहायला शिकले त्या लोकांचे जबाब लिहून लिहून. त्यामुळं माझं सांगणं जबाबासारखंच होतं. चालवून घ्या.

खुनाचे कागद मी विसरले. पण एक प्रकरण असं आहे की भाजी निवडता निवडता आठवतं आणि मी एकटीच हसत बसते. सून विचारते, "आत्या, बरं हाय न्हवं?" त्या प्रकरणात कुणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही. म्हणजे, गेलं होतं. एक रस्ता गेला होता.

पूर्व सांगलीत, आटपाडीच्या वाटेवर एक बाजाराचं गाव आहे. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचंही नाही. तिथल्या पोलीस ठाण्यात मी होते. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी, साहेबांची केबिन, आणि आवारात शेंदरी मारुती. सकाळी हजेरी झाली की आधी मारुतीला हात जोडायचे, मग कामाला लागायचं. शनिवारी नारळ फुटायचा. तो मान आमच्या एका हवालदाराचा. त्याच्या मिशा अशा होत्या की त्याचं नाव सगळे विसरले होते, मिशाळच म्हणायचे.

त्या भागाचे पुढारी होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. माणूस वाईट नव्हता. लग्नाला, मयताला धावून यायचा. पण सत्काराची फार हौस. कुणी बदलून आला, सत्कार. कुणी बदलून गेला, सत्कार. शाल, नारळ, फोटो, आणि त्या फोटोचा चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर पाहुण्याचा फोटो पाटाएवढा आणि भाऊंचा दाराएवढा.

फाट्यापासून आतल्या एका वाडीपर्यंत रस्ता करायचा होता. त्याचं भूमिपूजन भाऊंनी तीन वेळा केलं. तीन वेळा नारळ फुटले, पेढे वाटले, कोनशिला बसली. रस्ता मात्र आला नाही. मग त्या वाडीतली एक पोर अडलेली असताना तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दवाखान्याला न्यायला लागलं आणि ती खड्ड्यातच बाळंत झाली. बाळ वाचलं, पोर वाचली, पण वाडीतल्या बायकांचं डोकं फिरलं. त्या सगळ्या फाट्यावर येऊन बसल्या. रस्ता होईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या.

अशात बाजारचा दिवस आला. मी बाजारात बंदोबस्ताला होते. बघते तर बाजाराच्या ओट्यावर एक फौजदार उभा. अंगानं दणकट, खाकी कडक, छातीवर बिल्ले, आणि मिशा आमच्या मिशाळला लाजवतील अशा. आम्हा पोलिसांना एक खोड असते, माणूस पायाकडनं बघायचा. या फौजदाराच्या पायात करकरणाऱ्या चपला होत्या. मग कळलं, हा बहुरूपी. आमच्याकडं रायरंद पण म्हणतात. वर्षाकाठी एकदा यायचा, दारात उभं राहून खोट्या कलमाखाली घरधन्याला पकडायचा, घर हसवायचा, आणि मग टोपी काढून, उंबऱ्याला हात लावून आपलं खरं नाव सांगायचा. त्याला ते 'सोंग उतरवणं' म्हणतात. मग सूप भरून ज्वारी मिळायची.

त्या दिवशी ओट्यावर त्याच्या बगलेत शाल आणि हातात एक नारळ. नारळाला लाल रिबीन बांधलेली. त्यानं टोपली पालथी घातली, तिच्यावर नारळ बसवला आणि गरजला, "रस्ताचोरीच्या गुन्ह्यातला साक्षीदार हजर हाय! कुणी मधी बोलायचं न्हाई!"

बाजार गोळा झाला.

"नाव?" त्यानं नारळाला विचारलं, कान लावला, आणि लोकांना सांगितलं, "नारळ म्हणतोय." "बापाचं नाव?" "झाड म्हणतोय." "राहणार?" "सध्या मुक्काम शालीत." लोक हसायला लागले. "भूमिपूजनाला हजर हुतास का रं?" पुन्हा कान लावला. "म्हणतोय, मी न्हवतो सायेब, माझं तीन भाऊ हुतं. तिघंबी जागीच फुटलं." एक म्हातारी हसता हसता कांद्याच्या ढिगावर बसली. "बरं, तू फाट्यावरनं कवा गेलायस का?" "गेलोय म्हणतोय." "मग तिथं रस्ता दिसला?" "न्हाई म्हणतोय."

मग तो एवढ्या जोरात ओरडला की म्हशी बिथरल्या. "आरं, देवानं तुला दोन सोडून तीन डोळं दिलं, आन तुला रस्ता दिसला न्हाई?"

कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. आणि हळूच म्हणाला, "म्हणतोय, सायेब, असता तर दिसला असता."

बाजार हसून फुटला. सगळे हसले, मी पण हसले. खोटं कशाला बोलू?

दिवस मावळायच्या आत ते सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर कुणी विचारलं, "विट्याची गाडी लागली का वो?" तर चौकशीच्या खिडकीतून उत्तर, "असती तर दिसली असती." नळाला पाणी, दुकानात सुट्टे पैसे, शाळेत मास्तर, सगळ्याला तेच. लग्न ठरत नसलेल्या एकाला मित्रानं विचारलं, "नवरी कुठाय रं गड्या?" तो बिचारा स्वतःच म्हणाला, "असती तर दिसली असती."

भाऊ ठाण्यात आले ते तांबडेलाल होऊन. सोबत चार कार्यकर्ते. आमच्याकडं त्याच आठवड्यात नवे फौजदार रुजू झाले होते. किडकिडीत पोरगेलं अंग, चष्मा, आवाज कधी चढायचा नाही. त्यांना पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बँकेत काम करत असतील. साहेबांनी भाऊंना खुर्ची दिली, मला लिहायला बसवलं.

"लोकसेवकाचं सोंग घेऊन लोकांना फसवलंय त्यानं," भाऊ म्हणाले. "आत घाला. न्हाईतर पुढच्या बाजारी त्याच ओट्यावर त्यानं माझी माफी मागायची आणि तो डगला सगळ्यांदेखत जाळायचा. आजपासून सोंग बंद."

"तक्रार घेतो," साहेब म्हणाले. "तो नेमकं काय बोलला?"

"माझी बदनामी बोलला."

"शब्द काय होते?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"मला नाही माहीत. मी नवीन आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तक्रार शब्दशः लिहावी लागते."

काय सांगू तुम्हाला! भाऊंना सगळं सांगावं लागलं. आणि सांगताना माणूस नकळत त्यातच शिरतो हो. नारळाला कान लावला म्हणताना भाऊंनी टेबलावरच्या पेपरवेटला कान लावला. एका कार्यकर्त्याला खोकला आला, तो बाहेर गेला. दुसऱ्याला आला, तोही गेला. मी मान खाली घालून लिहीत होते. आता जबाब लिहिला की तो वाचून दाखवायचा, हा आमचा नियम. मी वाचलं, "सदर नारळास विचारणा केली असता त्याने कळविले की, त्याचे तीन भाऊ घटनास्थळी जागीच फुटले. त्यास तीन डोळे असूनही रस्ता का दिसला नाही, असे विचारले असता सदर नारळाने सांगितले की, असता तर दिसला असता." माझा आवाज शेवटी जरा हलला, पण वाचलं. मिशाळ हवालदार दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याची पाठ हलत होती.

बहुरूपी गावाबाहेरच्या देवळात बायको आणि दोन पोरींना घेऊन उतरला होता. त्याला चौकशीला बोलावलं. पंच बोलावून त्याच्या सामानाचा पंचनामा केला. खाकी डगला, टोपी, पट्टा, लाकडी पिस्तूल, बाटलीच्या बुचांचे बिल्ले, बोकडाच्या केसांच्या मिशा, शाल, आणि रिबीन बांधलेला नारळ. मिशा काढल्यावर तो अगदी साधा माणूस निघाला. रंग धुतलेल्या भांड्यासारखं तोंड.

मी त्याला समोर बसवलं, चहा दिला. माझी पद्धत तीच. दटावून माणूस गप्प होतो, चहानं बोलतो.

"दादा, माफी मागून टाका की," मी म्हटलं. "पुढारी माणसाशी कशाला वाकडं?"

"बाई, माफी मागायला मला काय जातंय? मी दारोदार हात जोडणारा माणूस, रोज मागंन. पर डगला जाळायचा म्हणत्यात. त्यो माझ्या बापाचा हाय. बाप जलमभर त्यात जगला. आन लोकांदेखत भ्यालेला बहुरूपी परत कुणाला हसवणार वो? माझ्याकडं रान न्हाई, दुसरं हुन्नर न्हाई. डगला जळला की मी जळलो."

"मग गुन्हा दाखल होईल. कोर्टात जावं लागेल."

"जातो."

"एक सांगा. त्या दिवशी तुम्ही सोंग उतरवलं नाही. ओट्यावरनं तसेच निघून गेलात. असं कधी करता?"

त्यानं कप खाली ठेवला. "न्हाई करत. उतरवायलाच निघालो हुतो, पर ओट्यावर न्हवं, त्याच्या आदी. दुसऱ्या एका जाग्याला. तिथं एक जण खरंच फसला. मला खरा फौजदार समजला. मला वाटलं, आता टोपी काढून हात जोडावं. हात वर न्हेलाबी. तेवढ्यात त्यो म्हणाला, 'सायेब, फाट्यावरच्या बायकांना काठीनं उठवा, पुढचं मी बगतो.' माझा हात तसाच खाली आला, बाई. त्या बायकांनी मला सूप भरभरून ज्वारी घातलीया. मंग सरळ बाजारात गेलो."

"कोण तो माणूस?"

"ते न्हाई सांगणार."

"अहो, तुमच्याच सुटकेचं आहे."

"आमच्या घरातला नेम हाय. जो हसत फसला त्याचं नाव गावभर करायचं. जो खरंच फसला त्याचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई. त्याची लाज आपल्या हातात असती."

मी चहा दिला, बिस्किटं दिली, दटावलं, समजावलं. नाव काही निघालं नाही.

आता कायद्याचं ऐका. नुसता खाकी डगला घातला म्हणून गुन्हा होत नाही. तसं असतं तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोलीस झालेली सगळी पोरं आत घालावी लागतील. लोकांना खरं वाटावं हा हेतू लागतो. मी बाजारात जाऊन जबाब घ्यायला लागले, की बाबा, तुम्हाला हा खरा पोलीस वाटला का? कांदेवाली म्हातारी माझ्यावरच उखडली. "आमाला येडी समजतीस व्हय गं? ह्याचा बाप ह्योच डगला घालून यायचा. आन पोलीस कवा बाजारात हसवायला आल्ता? हप्त्याला येतोय त्यो!" ते शेवटचं मी लिहिलं नाही. प्रत्येक जण जबाब देताना सगळं सोंग पुन्हा करून दाखवायचा. शब्दशः लिहायचं ना! मग बघायला माणसं जमायची, आणि जमलेले म्हणायचे, "आमचाबी जबाब घ्या की." ज्यांनी तो बाजारात ऐकला नव्हता त्यांनी तो ठाण्याच्या ओसरीवर ऐकला. भाऊंना ते सोंग बंद करायचं होतं, आणि आम्ही सरकारी खर्चानं त्याचे प्रयोग लावत होतो. एक दिवस साहेबांनी केबिनमधून विचारलं, "पंचिंग मशीन कुठं आहे?" आणि मिशाळच्या तोंडून निसटलं, "असतं तर दिसलं असतं, साहेब." सगळं ठाणं गार. साहेब म्हणाले, "बरोबर आहे," आणि दोऱ्यानं कागद बांधले. त्या दिवसापासून मला साहेब आवडायला लागले.

पण भाऊ रोज फोन करत होते. बाजारचा दिवस जवळ येत होता. वरूनही साहेबांना विचारणा झाली. देवळात जाऊन बघितलं तर बहुरूप्याची बायको चूल पेटवत होती. मला बघून म्हणाली, "बाई, डगला इस्त्री करून ठिवा वो. जाळायचाच आसंल तर चुरगळलेला नगं." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मी सामानाच्या यादीवर नजर टाकत साहेबांसमोर बसले होते. नारळावर बोट अडलं. मी इतक्या बंदोबस्तात उभी राहिलेय की मला नारळाची जात कळते. देवाच्या नारळाला शेंडी असते. सत्काराच्या नारळाची शेंडी तासून रिबीन बांधतात, शालीत नीट बसावा म्हणून. "साहेब," मी म्हटलं, "याच्याकडं सत्काराचा नारळ आणि नवी शाल. याचा कुणीतरी सत्कार केलाय."

साहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं. म्हणाले, "बाई, मी रुजू झालो तो बाजारचाच दिवस होता. साध्या कपड्यात होतो, हातात बॅग. स्टँडवर उतरलो तर हार घेऊन माणसं उभी. मला वाटलं, माझ्यासाठी आहेत. मी पुढं झालो, तर एक जण म्हणाला, 'ओ पाव्हणं, बाजूला व्हा की, फौजदार साहेब उतरायचेत.' मी बाजूला झालो आणि चालत ठाण्यात आलो. माझ्या मागं त्याच गाडीत एक खाकीतला माणूस होता. मला वाटलं, असेल कुणी तरी वरिष्ठ."

म्हणजे साहेबांचा हार त्या खाकीवाल्याच्या गळ्यात पडला होता.

स्टँडवर हार घालणारे भाऊंचे कार्यकर्ते काही कबूल होणार नव्हते. त्यांना मुळी पोलिसाचा पाय बघायची सवय नाही. भाऊंना तर कुणाचाच पाय बघायची सवय नाही, लोकच त्यांच्या पायाशी. पण मला एक ठाऊक होतं. भाऊंचा सत्कार फ्लेक्सशिवाय पुरा होत नाही.

फ्लेक्सवाल्याचं दुकान पेठेच्या टोकाला. मी गेले, विचारलं, "भाऊंनी हल्ली कुठला फ्लेक्स करायला टाकला होता का?" त्यानं लगबगीनं स्टूल पुढं केलं. "न्हाई वो बाई. म्हंजे, आठवत न्हाई. चहा घ्या की." दुकानापुढं त्यानं सावलीला एक फ्लेक्स ताणला होता, पांढरी पाठ वर, छपाई खाली, आणि छपाईवर आतून एक पातळ चादर लावलेली. ऊन कडक होतं. मी कप हातात घेतला आणि घाम पुसायला मान वर केली. उन्हानं फ्लेक्स आणि चादर दोन्ही पारदर्शक झाले होते. वरून माझ्याकडं मिशा बघत होत्या. हातभर मिशा. बाजूला दाराएवढे भाऊ हात जोडून.

"हे काय रं?" मी म्हटलं.

फ्लेक्सवाल्यानं कपाळाला हात लावला. "काय करू बाई? फोटो आला, सांगितलं छाप, मी छापला. दुपारी सांगावा आला, लावू नगंस, फाडून टाक. एवढं दांडगं कापड फाडायला जीव हुईना. म्हटलं सावली तरी हुईल."

बाजाराच्या आदल्या दिवशी साहेबांनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं. एकट्याला, कार्यकर्त्यांना ओसरीवर बसवलं. मी आणि मिशाळनं फ्लेक्स जमिनीवर उलगडला. वर मोठ्या अक्षरात, 'कर्तव्यदक्ष, निर्भीड, नवनियुक्त फौजदार साहेबांचे हार्दिक स्वागत'. खाली बहुरूपी, गळ्यात हार, अंगावर शाल, हातात तोच नारळ.

साहेब शांतपणे म्हणाले, "भाऊ, फौजदार मी आहे. हे कोण?"

भाऊंनी वाकून फ्लेक्सचा कोपरा दुमडायला घेतला.

"आपली तक्रार मी दाखल करून घेतो," साहेब पुढं म्हणाले. "फक्त सगळ्या बाजाराचा जबाब घेतला, कुणीच फसलेलं नाही. गुन्हा व्हायला फसलेला माणूस लागतो. तो एकच सापडला. तेव्हा आपला पुरवणी जबाब घ्यावा लागेल. आपण यांना फौजदार समजून काय काय सांगितलं, तेही लिहावं लागेल." मग जरा थांबून म्हणाले, "शब्दशः."

मी पेन उघडलं. भाऊंनी माझ्या पेनाकडं असं बघितलं की जणू ते पिस्तूल आहे, आणि तेही लाकडी नाही, खरं.

"त्यानं सांगितलं का तुम्हाला?" त्यांनी हळू विचारलं.

"नाव नाही सांगितलं," मी म्हटलं. "चहा पाजला, दटावलं, तरी नाही. जो खरंच फसला त्याचं नाव घ्यायचं नाही, असा त्यांच्यात नेम आहे म्हणाला."

हे ऐकल्यावर भाऊंचा चेहरा उतरला. शिव्या खाऊन उतरला नसता तेवढा. त्यांनी हात पुढं केला. "तो अर्ज द्या माझा माघारी. आणि बोलवा त्याला आत."

बहुरूपी आला, दारात उभा राहिला. भाऊंकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं. त्याला सगळं समजलं. मला म्हणाला, "बाई, माझी टोपी द्या जरा." मी सामानातून टोपी काढून दिली. त्यानं ती डोक्यावर घातली, सरळ केली, दोन पावलं भाऊंच्या समोर गेला आणि मग दोन्ही हातांनी ती काढली. वाकून उंबऱ्याला हात लावतात तसा भाऊंच्या खुर्चीपुढच्या फरशीला हात लावला.

"भाऊ, मी फौजदार न्हाई. बहुरूपी हाय," असं म्हणून त्यानं आपलं आणि आपल्या बापाचं नाव सांगितलं. "चुकलंमाकलं पोटात घाला. हे त्याच दिवशी करायचं हुतं, राहून गेलं."

त्यात टोमणा नव्हता, भीतीही नव्हती. काम पुरं केल्यासारखं त्यानं ते केलं. भाऊंना काय करावं कळेना. त्यांनी खिशात हात घातला, परत काढला. त्यांनाही समजलं असावं की याची बिदागी खिशातली नाही.

मग मी सामान परत द्यायला घेतलं. डगला, इस्त्री केलेला बरं का. पट्टा, पिस्तूल, बिल्ले, मिशा, शाल. प्रत्येक वस्तूवर खूण करत गेले. शेवटी म्हटलं, "आणि नारळ एक नग. हवालदार, नारळ आणा."

मिशाळ छताकडं बघायला लागला.

"हवालदार, नारळ कुठाय?"

आता 'असता तर' एवढं त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसलं. मी डोळे वटारले. तेव्हा त्यानं मान खाली घातली. "मॅडम, शनिवार हुता. टेबलावर नारळ दिसला. हाताला सवय. मारुतीला फोडला. तुम्हीपण खोबरं खाल्लं की."

खाल्लं होतं. साहेबांनी पण खाल्लं होतं. गोड होतं.

बहुरूप्यानं एकदा आमच्याकडं, एकदा भाऊंकडं बघितलं आणि म्हणाला, "आवं सायेब, एकुलता एक साक्षीदार, त्यो पोलिसांनीच खाल्ला. मग माझ्यासारख्याचं काय खरं हुतं वो?"

पहिल्यांदा हसले ते भाऊ. शप्पथ सांगते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग आम्ही. ओसरीवरचे कार्यकर्ते धावत आले, त्यांना वाटलं आत काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवशी बाजारात बहुरूपी ओट्यावर होता, तोच डगला घालून. माफी नाही, जाळपोळ नाही. भाऊ तिकडं नव्हते. ते फाट्यावर गेले होते, फोटोवाल्याशिवाय. बायकांनी त्यांना उन्हात बसवून ठेवलं आणि सगळं ऐकवलं, त्यातलं निम्मं मला इथं सांगता येत नाही. मुरूम पावसाळ्याच्या आधी पडला, डांबर पुढच्या वर्षी. वाडीपर्यंत पुरतं काही गेलं नाही, विहिरीपाशी थांबलं आहे. बहुरूपी दरवर्षी तिथवर चालत जातो, चपलेनं डांबर ठोकून बघतो आणि उरलेल्या मातीकडं बोट करून लोकांकडं बघतो. काही बोलत नाही. लोक हसतात आणि भाऊंना फोन लावतात.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तुम्ही विचारणार. मी तीस-एक वर्षं माणसं कोठडीत घातली. चोर आत जातो, दारुडा आत जातो. पण बाजारभर झालेलं बोलणं आत घालायला गेलं की ते आधी आपल्याच तोंडून पुन्हा म्हणावं लागतं, आणि म्हणताना हसू येतं. तिथं आमचा कायदा लुळा पडला. आणि दुसरं असं की, त्या माणसाच्या हातात भाऊंची इभ्रत होती, त्यानं ती शेवटपर्यंत उघडी केली नाही. आम्ही त्याचा डगला जप्त करून बसलो होतो, आणि तो आमच्या गावच्या पुढाऱ्याची लाज राखून बसला होता. नंतर मी कुणाची विडंबनाची तक्रार आली की आधी एकच विचारायची, "नेमकं काय बोलला, सांगा बरं." निम्मे तिथूनच परत जायचे.

तो फ्लेक्स फाडून टाक म्हणून आम्ही फ्लेक्सवाल्याला परत दिला होता. मी निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा फ्लेक्सवाल्यानं घडी करून टेम्पोत टाकला, "न्या बाई, गोठ्याला व्हईल." आता आमच्या म्हशीच्या गोठ्यावर आहे, छपाई खाली करून, चादरीसकट. तेव्हा आता आलात तसे महिनोन्‌महिने गायब होऊ नका. लवकर या, आणि येताना दुपारचे या. गोठ्यात बाज टाकून देते, उताणं पडा. ऊन डोक्यावर आलं की वर भाऊ हात जोडून उभे दिसतील आणि समोर मिशा. रोज दुपारी त्यांचा सत्कार चालतो. यायला आमच्या गावच्या फाट्यावरून डावीकडं वळा. आमच्या इथला रस्ता विचारू नका, असता तर दिसला असता.